मुक्तीचे खिळे

दिवाळीच्या सुमारास आमच्या फुलसावंगीच्या शिवारात कापूस फुटतो. सीतादहीची पूजा होते आणि वेचणी सुरू होते. पहाटे स्वयंपाक उरकून निघालेल्या बाया कमरेला ओटी बांधून तासातासाने पुढे सरकतात आणि संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. मजुरी किलोवर. "तुझा किती भरला?" हा दिवसाचा शेवटचा प्रश्न. कापसाचे वजन वहीत चढते, वेचणारीचे मोल कुठेच लिहिले जात नाही. 'माझी किंमत काय?' या तिच्या मनातल्या प्रश्नाला पंडिता रमाबाईंनी ख्रिस्तश्रद्धेतून उत्तर शोधले आणि शेकडो निराधार बायकांच्या हाती ते ठेवले.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, पाठोपाठ थोरली बहीणही. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी वणवण फिरले. पंजाबातल्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून रात्र काढली. त्याच रमाबाईंना 1878मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. दोन वर्षांत पती वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. पदव्यांनी विद्वत्तेला मान दिला, पण विधवेला समाजात जागा दिली नाही.

1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे आश्रयगृह दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. हे कशामुळे घडते, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर आलेल्या त्या बाईच्या हातचे पाणी यहुदी घेत नसत. येशूने तिच्याचकडे प्यायला पाणी मागितले आणि धर्मातले गहन बोलणेही तिच्याशीच केले. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या नाही, या हिशोबात वाढलेल्या मराठी मनाला ही गोष्ट किती खोलवर लागली असेल, हे वेगळे सांगायला नको. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

श्रद्धा स्वीकारली म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. इंग्लंडमध्येच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा आपल्या वडिलांनी आणि पतीनेही असे कधी रोखले नव्हते, असे त्यांनी बजावले. सदसद्विवेक देवाने दिला आहे, तो कोणाच्या स्वाधीन करायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी भेटला.

भारतात परतल्यावर 1889मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले आणि 1890मध्ये ते पुण्याला हलवले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर 1893मध्ये वादळ उठले. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्म गुपचूप बदलला जाईल ही त्यांची भीती खरी होती. आपल्या देवाला आपल्याच घरात लपवणार नाही, हा रमाबाईंचा आग्रहही तितकाच खरा होता.

1896-97च्या दुष्काळाची बातमी आली आणि झेलमकाठची वाळू रमाबाईंना आठवली असणार. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडच्या वाटेवर केडगावच्या शेतावर ठेवले. तिथे 'मुक्ती' हे त्यांचे आश्रयगृह उभे राहिले. 1900च्या सुमारास तिथली संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. एवढ्या जणींना नुसते जेवू घालणेही मोठेच काम होते. पण रमाबाईंना त्यांना आयुष्यभर उपकाराखाली ठेवायचे नव्हते. शेती, गुरे, विणकाम, शिवण, अध्यापन अशी कामे मुलीच शिकल्या आणि त्यांनीच चालवली. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल आणले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिथला छापखाना. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटे असते. खणातून एकेक खिळा उचलायचा, काना, मात्रा, रफार जागेवर बसवायचे, ओळ आवळायची आणि उलटे वाचून चूक हेरायची. एकेकाळी ज्यांना सरळ अक्षरही वाचता येत नव्हते, अशा मुली हे काम करू लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, तेही संस्कृतप्रचुर नव्हे, तर खेड्यातल्या बाईला ऐकून कळेल अशा मराठीत. मजकूर बाईचा, जुळणी बायकांची, छपाईही बायकांचीच. मनोरमाबाई 1921मध्ये गेल्या. लेकीचे दुःख उरात घेऊन रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यानंतर 1924मध्ये प्रसिद्ध झाले.

'देवाला तू हवी आहेस' असे म्हणणे सोपे असते. केडगावात ते म्हणणाऱ्यांनी देवाचा शब्द जुळवायचे काम त्याच मुलींवर विश्वासाने सोपवले. ज्या हाताला कालपर्यंत भाकर मिळत नव्हती, त्या हाताशिवाय आज पान पुरे होत नव्हते. आपण कोणाला तरी हव्या आहोत, हे त्या मुलींना कामातून कळले.

आमच्या धुऱ्यावर आजही काटा लागतो. "तुझा किती भरला?" हे ऐकताना मला शिशाने काळी झालेली ती बोटे आठवतात. त्या बोटांना कोणीतरी आधी विचारले होते, "तुला काय शिकायचे आहे?"