कुंडीवरची नारिंगी अंडी

परवा शेजारचा मुलगा माझ्या क्लाउनफिशच्या टाकीसमोर बसून म्हणाला, "काकू, हा छोटा मासा कुंडीला सारखा वारा का घालतोय?" वाकून पाहिलं, तर उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर नारिंगी अंड्यांचा दाट थर!

वारा घालणारा तो बाप. क्लाउनफिशमध्ये मादी मोठी, नर लहान. आधी नर म्हणूनच वयात येतात, आणि जोडीतली मादी गेली की उरलेला नर मादी होतो.

अंडी सांभाळतो मुख्यतः नर. पंखांनी पाणी हलवत ठेवतो, तोंडाने साफ करतो, मेलेली खाऊन टाकतो. आपण मध्ये हात घालायचा नाही. पहिल्या एक-दोन खेपा जोडी बऱ्याचदा स्वतःच खाते, तेव्हा निराश होऊ नका.

27 अंशांच्या आसपास पाणी असेल तर साधारण आठवडाभरात नारिंगी रंग काळपट होतो आणि प्रत्येक अंड्यात दोन रुपेरी डोळे चमकतात. टॉर्चच्या उजेडात ते पाहताना मी अजूनही श्वास रोखते. पिल्लं बाहेर येतात ती दिवे मालवल्यानंतर, मिट्ट काळोखात.

खरी कसोटी पुढे. या पिल्लांच्या तोंडात आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली चिमुकली कोळंबी, हिची पिल्लंसुद्धा मावत नाहीत. सुरुवातीला जिवंत रोटिफरच, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, लागतात. माझ्याकडे ते तयार नव्हते, म्हणून पहिली सगळी पिल्लं चार दिवसांत गेली. फार वाईट वाटलं. तेव्हा रोटिफरची बरणी आधी लावा, जोडीचं नंतर बघा.

पिल्लं तगली, तर दहा-बारा दिवसांत त्यांच्यावर पहिला पांढरा पट्टा उमटतो.

तुमच्याकडे जोडी आहे? काही अडलं तर खाली विचारा, नक्की सांगेन.