तारेविना गाठीचा ठाव

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, आढळणाऱ्या कर्करोगाच्या अनेक गाठी इतक्या लहान असतात की त्या शल्यचिकित्सकाच्या बोटांना लागत नाहीत. त्यामुळे संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी ऊतींचा थोडा थर काढायचा असल्यास तिचे नेमके ठिकाण आधीच निश्चित करावे लागते. यासाठी अनेक दशके टोकाशी आकडा असलेली बारीक तार वापरली जात आहे. ही तार सुईतून गाठीपर्यंत नेतात आणि तिचे दुसरे टोक त्वचेबाहेर राहते. पद्धत स्वस्त व भरवशाची आहे. पण तार सरकण्याचा धोका असल्याने ती बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशीच बसवावी लागते, आणि उपाशीपोटी, आधीच धास्तावलेल्या स्त्रीला त्या सकाळी आणखी एक सुई सोसावी लागते. क्ष-किरण विभागात उशीर झाला, तर शस्त्रक्रियागृहही खोळंबते.

तारेला पर्याय शोधताना प्रथम किरणोत्सर्गाचा आधार घेतला गेला. १९९० च्या दशकात मिलान येथील युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीमध्ये गाठीत किरणोत्सारी टेक्नेशियमचे द्रावण टोचून गॅमा किरण ओळखणाऱ्या शोधकाने तिचा माग काढण्यात आला. परंतु टेक्नेशियमची शक्ती सुमारे सहा तासांत निम्मी होत असल्याने घाई टळली नाही. ती टळली आयोडीन-१२५ असलेल्या, तांदळाच्या दाण्याहून लहान अशा टायटॅनियमच्या कुपीमुळे. या आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे ६० दिवस असल्याने कुपी काही दिवस आधी बसवता येते. मात्र प्रत्येक कुपी बसवल्यापासून परत मिळेपर्यंत तिचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो, आणि हा भार अनेक रुग्णालयांना पेलत नाही.

त्यानंतर आलेल्या साधनांत किरणोत्सर्ग नाही. मॅगसीड ही सुमारे ५ मिलिमीटर लांबीची पोलादी खूण असून शोधकाच्या चुंबकीय क्षेत्रात ती तात्पुरती चुंबकीय होते व शोधकाला तिचे अंतर कळते. तथापि नेहमीची पोलादी उपकरणे जवळ आणल्यास शोधक गोंधळतो, आणि एमआरआय चित्रात खुणेभोवती काळा डाग पडून तेथील ऊती झाकल्या जातात. अन्य पद्धतींत रडारच्या लहरी परतवणारा सूक्ष्म परावर्तक किंवा रेडिओलहरींनी ओळखता येणारी, स्वतंत्र क्रमांक असलेली खूण बसवतात.

या पद्धतींनी गाठ अधिक पूर्णपणे निघते असे मानणे घाईचे ठरेल, कारण कुशल हातांत तारेचे परिणामही बहुतांशी तितकेच चांगले असतात. खरा लाभ रुग्णाला मिळणाऱ्या सवडीचा आहे, आणि तो किरकोळ समजू नये. जेथे खर्च परवडत नाही तेथे शस्त्रक्रियेच्या वेळी सोनोग्राफी वापरणे हा उत्तम मार्ग आहे. हाताला लागणाऱ्या गाठींबाबत नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काढलेल्या ऊतीच्या कडेला कर्करोग आढळण्याचे प्रमाण केवळ स्पर्शावर विसंबल्यास १७ टक्के, तर सोनोग्राफी वापरल्यास ३ टक्के होते. मात्र काही कर्करोगांत मॅमोग्राफीत दिसणारे चुन्याचे सूक्ष्म कण सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, म्हणून तेथे तार किंवा खूण लागतेच.

भारतात बहुसंख्य स्त्रिया गाठ हाताला लागल्यावरच डॉक्टरांकडे येतात, तरीही हा प्रश्न त्यांच्यापासून दूर नाही. गाठ लहान करण्यासाठी शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिली असता ती कधी कधी पूर्णपणे दिसेनाशी होते आणि मग नेमका कोणता भाग काढायचा हेच उमगत नाही. गाठीच्या जागी आधी धातूची बारीक क्लिप बसवलेली असल्यास ही अडचण येत नाही. म्हणून ज्यांना शस्त्रक्रियेआधी केमोथेरपीचा सल्ला मिळाला आहे, त्यांनी पहिला डोस घेण्यापूर्वी गाठीच्या जागी खूण बसवली जाणार आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.