चाकांवरचे घर, दाराशी कुत्रा

पावसाळ्यात धार जिल्ह्यातील मांडवगडावर ढग उतरतात, तळी तुडुंब भरतात आणि सारे पठार हिरवे होते. हे दृश्य पाहण्यासाठी गोवा आणि महाराष्ट्रातून मोटारीने माळव्याची वाट धरणारे पर्यटक अनेक आहेत. त्यांत आता कॅराव्हॅनने, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनाने, जाणाऱ्यांची भर पडते आहे. महाराष्ट्राने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले. या प्रवासाचे एक मोठे आकर्षण असे, की घरातला कुत्रा शेजाऱ्याच्या हवाली करून निघावे लागत नाही. मात्र घराला चाके लागली म्हणून पाळणाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही. आपला कुत्रा परक्या गावात काय घेऊन जातो आणि परतताना तेथून काय घेऊन येतो, या दोन्ही गोष्टींचे उत्तरदायित्व मालकाकडेच असते.

तयारी महिनाभर आधी

गोव्याच्या बाबतीत यातील दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. अनेक वर्षांच्या सामूहिक लसीकरणानंतर २०२१ मध्ये गोव्याला रेबीज नियंत्रित राज्य घोषित करण्यात आले. देशाच्या बहुतेक भागांत हा रोग अजूनही वावरतो. लस न घेतलेला कुत्रा राज्याबाहेर फिरून परत आला, तर हे कष्टाने मिळवलेले यश धोक्यात येऊ शकते. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरतात. पहिल्या लसीनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे तीन ते चार आठवडे लागतात. म्हणूनच निघण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली लस त्या प्रवासात फारशी उपयोगी पडत नाही.

डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांवरील लसीही तितक्याच आवश्यक आहेत. पावसाळ्यात गवतातून गोचिडे अंगावर चढतात आणि त्यांच्यामार्फत ताप पसरतो, त्यामुळे गोचिडांवरील औषध सोबत असावे. लसीकरणाचे प्रमाणपत्र वाहनात ठेवावे. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. अनोळखी प्रदेशात सुटलेल्या कुत्र्याला आपले घर सापडत नाही, कारण ते घर काल दुसऱ्याच गावी उभे होते.

कुंपण नसलेले अंगण

देवासचा इतिहास या संदर्भात आठवण्याजोगा आहे. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने या एकाच शहरात नांदली. गाव एक आणि कारभार दोन, अशा स्थितीत आपली हद्द कोठे संपते याचे भान दोघांनाही ठेवावे लागे. कॅराव्हॅन किंवा तंबूंच्या तळावर नेमकी हीच स्थिती असते. अंगण एक आणि बिऱ्हाडे अनेक. आपल्या कुत्र्याला जे अंगण आपले वाटते, ते शेजारच्या कुटुंबाच्या दृष्टीने त्यांच्या मुलांच्या खेळण्याची जागा असते.

म्हणून तळावर कुत्रा मोकळा सोडू नये. दोरी एवढीच लांब असावी, की तो शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत किंवा वाटेपर्यंत पोहोचणार नाही. पण सावलीत बसता येईल, उभे राहून वळता येईल आणि पाण्याचे भांडे गाठता येईल. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार अवास्तव आखूड वा जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणेही त्यात मोडते. सकाळ-संध्याकाळ दूरवर फिरवून आणलेला कुत्रा रात्री शांत झोपतो. दिवसभर वाहनाशी जखडलेला कुत्रा मात्र प्रत्येक पावलावर भुंकतो आणि सगळ्या तळाची झोप मोडतो.

विष्ठा उचलणे हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, जंताची अंडीही टिकतात. आजच्या कुत्र्याची घाण पुढच्या मोसमातील पिल्लाला आजारी पाडू शकते. मांडवगडासारख्या पठारावर तर पूर्वापार पावसाचे पाणी तळ्यांत साठवून वस्तीची तहान भागवली गेली. जहाज महाल उभा आहे तोही मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध. उतारावर राहिलेली घाण पहिल्याच सरीबरोबर कोठे जाते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

जहाज महालाच्या दाराशी

खरा पेच पर्यटनस्थळी उभा राहतो. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार स्मारकाच्या देखभालीव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कारणासाठी प्राणी आत नेता येत नाही. साहजिकच कुत्रा वाहनात ठेवून ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणण्याचा मोह होतो. पावसाळी गारव्यात हा मोह अधिकच होतो आणि तोच घातक ठरतो. बाहेर २१ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात पारा ४० अंशांपर्यंत जाऊ शकतो. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीर थंड करतो आणि कोंडलेल्या गरम हवेत तो उपायही निकामी होतो. मार्ग एकच आहे. कुटुंबातील मोठ्यांनी पाळी लावून एकाने कुत्र्याजवळ बाहेर थांबावे. एकट्याने प्रवास करणाऱ्याने तशी सोय होत नसेल, तर त्या वास्तूचे दर्शन दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावे.

तणमोराच्या माळावर

धार जिल्ह्यातच सरदारपूर येथे १९८३ मध्ये तणमोरासाठी अभयारण्य घोषित झाले. स्थानिक लोक या पक्ष्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात नर गवतातून पुन्हा पुन्हा उंच उड्या मारून मादीला साद घालतो आणि मादी जमिनीवरच अंडी घालते. आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी आता अतिसंकटग्रस्त गणला जातो. ज्या हिरव्या माळावर गाडी थांबवून कुत्र्याला मनसोक्त धावू द्यावेसे वाटते, तोच माळ या पक्ष्याचे प्रसूतिगृह असू शकतो आणि पर्यटनाचा हंगाम हाच त्याच्या विणीचा हंगाम असतो. कुत्र्याने अंडी खाल्ली नाहीत, केवळ मादीला उठवले, तरी घरटे उघडे पडते.

देवास जिल्ह्यातील खिवनी अभयारण्याच्या परिसरात धोका दोन्ही बाजूंनी आहे. बिबट्याला तळाबाहेर बांधलेला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते. दुसरीकडे डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांकडून वन्य मार्जारांपर्यंत पोहोचू शकतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. गावोगावच्या शेळ्या-कोंबड्यांचाही विचार करावा लागतो. शहरात वाढलेला कुत्रा शेळीमागे खेळ म्हणून धावतो. पण ती शेळी एखाद्या भिल्ल कुटुंबाची वर्षाची पुंजी असते. नुकसान झालेच, तर हुज्जत न घालता भरपाई देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

चावा घेतला तर

आपल्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्या व्यक्तीला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून उपचार टाळू नयेत. घाईने तळ हलवून निघून जाणे तर अक्षम्यच. प्राण्यापासून संभवणाऱ्या धोक्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उलट गावातील कुत्रा आपल्या कुत्र्याला चावला, तर आधी जखम धुवून लगेच पशुवैद्यक गाठावा, लसीची पुढील मात्रा घ्यावी आणि ही घटना गोव्यात परतल्यावर आपल्या पशुवैद्यकालाही सांगावी. ती लपवण्यात कोणाचेच हित नाही.

तळ सोडताना चाकांखालचे दगड काढण्यापूर्वी जागेभोवती एक फेरी मारावी. उकरलेला खड्डा बुजवावा, उरलेले अन्न आणि घाण उचलावी. आपल्यानंतर त्या जागी येणाऱ्या कुटुंबाला येथे कुत्रा राहून गेला हे कळू नये. असे झाले, तर पुढच्या वेळी कुत्र्यासह येणाऱ्या पाहुण्याला त्या तळाचे दार उघडे राहील.