पालामोसची तांबडी कोळंबी

तुमच्यापैकी पुष्कळांनी स्पेनचा कोस्टा ब्रावा पाहिला असेल. मुलांची सुट्टी, जिरोनाला उतरणारे स्वस्त विमान, समुद्राकाठचे हॉटेल आणि बार्सिलोनाला एक दिवस, की झाली सहल. पुढच्या खेपेस त्यातली एक दुपार पालामोससाठी राखून ठेवा. गावाला रेल्वे नाही, बसने किंवा गाडीने जावे लागते. तिथे बंदराच्या धक्क्यावरच्या एका जुन्या गोदामात २००२ साली मासेमारीचे संग्रहालय उघडले. आपल्यातल्या ज्यांना बांगडा आणि बोंबील नुसत्या वासावरून ओळखता येतात, त्यांना ते आवडेलच. इथे जन्मलेल्या तुम्हा मंडळींना ओळखता येत नाहीत, म्हणून तुम्ही तर जाच.

आपल्या इंग्लंडात ग्रिम्सबीलाही असे संग्रहालय आहे. तिथला ‘रॉस टायगर’ हा १९५७ सालचा ट्रॉलर आतून हिंडून पाहता येतो. पण १९७६ साली आइसलँडशी झालेल्या तहानंतर ग्रिम्सबीच्या दूरच्या समुद्रातल्या मासेमारीचा कणाच मोडला. जे संपले त्याची ती आठवण आहे. पालामोसचे वेगळेपण असे, की संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडलात की शेजारीच मासळीचा लिलाव चालू असतो. म्हणजे आत जे काचेमागे ठेवले आहे त्याचे नातेवाईक बाहेर अजून ओले आहेत.

गाव जुने, १२७९ साली राजाने वसवलेले. आत शिडाच्या होड्या, लव्हाळ्याचे विणलेले पिंजरे, गळांच्या लांबच लांब दोऱ्या आहेत. नायलॉन येण्यापूर्वी इकडची सुती जाळी पाइनच्या सालीच्या काढ्यात उकळून रंगवत, म्हणजे ती लवकर कुजत नसत. फाटकी जाळी शिवण्याचे काम बायकांकडे असे. आपल्याकडे कोळणी बाजारात बसून घर चालवतात, इथे त्या धक्क्यावर बसून जाळी सांधत. सार्डिन आणि अँचोवी पकडायला अमावास्येच्या सुमारास निघायचे, होडीच्या टोकाला जाळी टांगून त्यात पाइनची लाकडे पेटवायची, आणि उजेडाला भुललेल्या थव्याभोवती जाळे टाकायचे. पुढे लाकडांच्या जागी गॅसचे दिवे आले. पौर्णिमेला विश्रांती, कारण चंद्रापुढे दिव्याचे काही चालत नाही. मालवणकडच्या वाचकांना इथे एलईडी दिव्यांवरून आणि पर्ससीनवरून चाललेली भांडणे आठवतील. २०१७ पासून आपल्याकडे एलईडीला बंदी आहे, तरी रापणकरांची तक्रार काही थांबलेली नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती ‘खुणां’पाशी. समुद्रात पाटी लावता येत नाही. मग मासा जिथे हमखास लागतो ती जागा पुन्हा सापडायची कशी? तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, समजा देवळाचा मनोरा आणि त्यामागचा डोंगराचा सुळका. दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन खुणांची दुसरी रेष काढायची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे गळ टाकायचा. शाळेतली भूमितीच ही, पण पाटी-पेन्सिलीविना, हलत्या होडीत उभे राहून केलेली. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या आणि गुप्त असत. बाप त्या मुलाला सांगे, शेजाऱ्याला नाही. आता पडद्यावर ठिपका दिसतो, आणि खुणा ठाऊक असलेली माणसे थकली आहेत. जुन्या मच्छीमारांच्या तोंडून हे वेळीच टिपून घेणे मला काचेमागच्या होडीपेक्षा मोलाचे वाटते. कोकणच्या तांडेलांच्याही अशाच खुणा असतात. तुमचे कोणी आजोबा-काका होडीवर गेलेले असतील, तर येत्या सुट्टीत गावी गेलात की विचारा, फोनवर रेकॉर्ड करा. त्यांना गंमत वाटेल, पण ते सांगतील.

आता कोळंबी. पालामोसची कोळंबी शिजवण्याआधीच तांबडी असते, आणि महाग असते. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टियस अँटेनॅटस. ती ४०० ते ८०० मीटर आणि त्याहूनही खोल, समुद्रतळाच्या दऱ्यांच्या आसपास राहते. अशी एक दरी पालामोसच्या किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून इथले ट्रॉलर पहाटे जाऊन दुपारी परतू शकतात. मच्छीमारांना पूर्वीपासून एक कोडे होते. एखाद्या वर्षी कोळंबी एकाएकी नाहीशी होई आणि काही वर्षांनी भरभरून येई. बार्सिलोनाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली त्याचा उलगडा मांडला. कडक हिवाळ्यात उत्तरेचे कोरडे वारे उथळ पाणी गार करतात. गार पाणी जड होते आणि दऱ्यांतून धबधब्यासारखे खाली कोसळते. त्या लोंढ्याने कोळंबी पांगते, पण त्याबरोबर तळाशी अन्नही पोहोचते. पिल्लांना ते लाभते, आणि तीन ते पाच वर्षांनी जाळी भरतात. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. निसर्गाचा हिशेब इतका स्वच्छ मांडलेला फार थोड्या वेळा पाहायला मिळतो.

पण निसर्ग भरून देतो म्हणून माणसाने कितीही काढावे असे नाही. पालामोसच्या मच्छीमारांनी संशोधकांना आणि सरकारला बरोबर घेऊन एक योजना केली, तिला २०१३ साली कायद्याचे रूप आले. लहान कोळंबी सुटून जावी म्हणून जाळ्याचे आस बदलले, आणि हिवाळ्यात सलग ६० दिवस कोळंबी पकडणे बंद ठेवले. आपली पावसाळ्यातली बंदी आणि नारळी पौर्णिमेचा नारळ यांच्याशी याचे नाते सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याला पावसाळा घरी बसवतो, इथे शांत समुद्राकडे पाहत घरी बसायचे. ते मला अधिक कठीण वाटते. शिवाय त्यांचा प्रश्न सुटलेला नाही. २०२४च्या डिसेंबरात युरोपीय संघाने भूमध्य समुद्रातल्या ट्रॉलरांचे दिवस फार कमी केले, आणि मोठ्या आसाची जाळी वापरण्यासारख्या अटी पाळल्या तर काही दिवस परत देऊ केले. इतक्या थोड्या दिवसांवर बोटीचे डिझेल आणि खलाशांचे वाटे भागायचे कसे, हा त्यांचा सवाल आहे. हे सगळे आटपले, तर संग्रहालय ग्रिम्सबीसारखे होईल. संशोधकांचे आकडेही खोटे नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात, आणि यात सोपे उत्तर आहे असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

जायचे तर सोमवार ते शुक्रवारच जा, शनिवार-रविवारी बोटी निघत नाहीत. दुपार कलली की त्या एकामागून एक आत येतात. लिलाव उलटा असतो, म्हणजे भाव वरून सुरू होऊन खाली घसरतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. आपल्याकडच्या लिलावाचा ओरडा इथे नाही, तरी घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण अगदी तोच. लिलावाच्या इमारतीतच मासळीचा स्वयंपाक शिकवण्याची जागा आहे. तिथे बाजारात भाव न मिळणारे मासे मुद्दाम रांधून खायला देतात. कोळंबी परवडली नाही तरी हे परवडेल. काटे फार असतात, पण आपल्या लोकांना त्याचे काय! मुलांना मात्र शेजारी बसवा आणि काटे काढायला शिकवा.