तुकड्यातून जीव

चकलांब्याकडच्या आपल्या बायकांना मी नेहमी एकच प्रश्न विचारते, हरळी कुणी लावली? कुणीच नाही. तरी दरसाली रान भरून येतं. आमच्या वस्तीवरच्या एका वहिनींनी रानातली हरळी मोडायची म्हणून ओल असताना रोटाव्हेटर फिरवून घेतला. भाड्याचे पैसे गेले आणि महिनाभरात हरळी आधीपेक्षा दाट झाली. त्यांना वाटलं, बियाणंच वाऱ्यानं आलं.

बियाणं त्यांनीच पेरलं होतं, पात्याखाली. हरळीच्या जमिनीतल्या पांढऱ्या दोरीला पेरापेरावर गाठ असते. गाठीत कोंब निघायची आणि मुळं फुटायची सोय असते. दोरीचे तुकडे केले की गाठीचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप. म्हणून हरळी कापायची नसते, उपटून वेचायची असते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं उलटी करा, दोऱ्या वर आणा, उन्हात वाळू द्या, मग वेचून बांधाबाहेर काढा. ओल्या रानात हे काम हाती घेऊच नका.

मुलांच्या दहावीच्या विज्ञानात ‘खंडीभवन’ हा शब्द येतो. शरीराचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वाढून पूर्ण जीव होतो, नर-मादीचं काम नाही. पुस्तकात उदाहरण स्पायरोगायराचं असतं. पाणी बरेच दिवस थांबलं की वर हिरवं, बोटाला बुळबुळीत लागणारं केसांसारखं शेवाळ येतं ना, ते. केस तुटला की दोन होतात. हरळीला किंवा उसाला पुस्तकवाले ‘शाकीय प्रजनन’ म्हणतात. नाव वेगळं, युक्ती जवळजवळ तीच.

आता ऊस. आपल्या जिल्ह्यातली किती कोयती दरवर्षी दिवाळीच्या आसपास गाड्या भरून निघतात हे मी सांगायला नको. ऊस तोडता तोडता आयुष्य जातं, पण त्या कांडीकडे बियाणं म्हणून बघायला सवड कुणाला? प्रत्येक पेरावर एक डोळा आणि त्याभोवती मुळांच्या ठिपक्यांचं कडं असतं. दोन डोळ्यांची टिपरी मातीत ठेवली की ठिपक्यांतून मुळं, डोळ्यातून कोंब. नवी मुळं धरेपर्यंत कोंब टिपरीतल्या साखरेवर जगतो, अंगावरच्या बाळासारखा.

उसाला तुरा येतो, बीही धरतं, पण त्या बियांतून येणारी रोपं एकासारखी एक नसतात. म्हणून बीज करण्याचं काम संशोधक करतात, शेतकरी टिपरी लावतो. को 86032 ही आपल्याकडे सगळीकडे दिसणारी जात घ्या. ‘को’ म्हणजे कोईम्बतूर, तिथे 1912 पासून ऊस पैदास संस्था आहे. महाराष्ट्रात ही जात 1996 मध्ये प्रसारित झाली. तेव्हापासून लावलेला या जातीचा प्रत्येक ऊस एकाच मूळ झाडाचा तुकडा. गोडी तीच, वाढ तीच.

पण रोगही तोच, आणि इथेच पैसा बुडतो. बेण्यात रोग असला तर टिपरीबरोबर तो नव्या शेतात जातो. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला तर काणी. बेटाला गवतासारखे फिकट, बारीक फुटवे फुटले तर गवताळ वाढ. ऊस उभा चिरला आणि आत लाल, मधे पांढरे डाग, आंबूस वास, तर लाल कूज. तोडीवर हे तुमच्या डोळ्यांखालून जातं, मुकादमाच्या नव्हे. गटानं एक डोळ्याची रोपं करून विकायचं ठरवलं असेल, तर असल्या फडातलं बेणं फुकट मिळालं तरी आणू नका. दहा-अकरा महिन्यांचं, निरोगी बेणे मळ्यातलं बेणं घ्या. उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया (54 अंश सेल्सिअस, 150 मिनिटं) केलेलं मिळालं तर फारच चांगलं. रोगी ऊस तोडलेला कोयता तसाच चांगल्या बेण्याला लावू नका, आधी जंतुनाशकात बुडवा.

शेवटी गांडूळ, कारण गांडूळखताचे वाफे करणाऱ्या ताई मला हमखास विचारतात, “फावड्यानं कापलं तर एकाचे दोन होतात ना?” नाही हो. हरळीचं गणित गांडुळाला लागू नाही. तोंडाकडचा भाग पुरेसा लांब असला तर जगतो, त्याला शेपूट नव्यानं येतं. एकाचे दोन मात्र होत नाहीत, बहुधा एकाचं अर्धं होतं. गांडूळ वाढतं ते अंड्यांच्या कोशातून. प्रत्येक गांडुळात नर-मादी दोन्ही असले तरी त्याला जोडीदार लागतोच. तेव्हा खत काढताना वाफ्यात फावडं घालू नका. चार-पाच दिवस पाणी बंद करा, उजेडात खताचा ढीग करा. गांडुळं उजेडाला भिऊन खाली जातात, मग वरचं खत हातानं अलगद उचला.