कांताबाईंचा फड

तमाशातली बाई म्हटलं की लोकांना लावणीच आठवते. कांताबाई सातारकरांचं मोठेपण मला मात्र वगात दिसतं. वगनाट्यात त्यांनी शिवाजी महाराज उभे केले आणि गावोगावच्या यात्रेकरूंनी ते मनापासून मानले. त्या राजेपणामागे किती सोसणं होतं, हे समोर बसलेल्यांना क्वचितच ठाऊक असे.

जन्म गुजरातेतला, दगडखाणीवर राबणाऱ्या घरातला. साताऱ्यात वाढल्या म्हणून सातारकर. कोवळ्या वयात पायात चाळ बांधले आणि पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. तिथेच खेडकरांशी संसारही मांडला. नवरा-बायको एकाच बोर्डावर, एकाच वगात. संसार आणि खेळ वेगळे काढताच येऊ नयेत असे ते दिवस.

१९६४ साली खेडकर गेले. पदरात लहान मुलं. नवऱ्याबरोबर फडही सुटला. पोटासाठी पुन्हा दुसऱ्यांच्या फडात उभं राहणं आलं. फडाला सुतक परवडत नाही. सुपारी घेतली की खेळ लावावाच लागतो. विधवा झालेल्या बाईनं शालू नेसून हसत बोर्डावर यायचं, हे लिहितानाही मला जड जातं.

साठचं दशक सरता सरता त्यांनी स्वतःचा फड काढला. ढोलकीवाले, सोंगाडे, नाचणाऱ्या मुली, तंबू, गाड्या हे सगळं जमवायचं म्हणजे हंगामाआधी कलावंतांना उचल द्यायची आणि ती बहुधा व्याजानं काढलेल्या पैशातून. यात्रेच्या रात्री अवकाळी पाऊस आला की गल्ला रिकामा, व्याज चालू. अशा धंद्यात एकट्या बाईनं संगमनेरच्या आपल्या फडाचा दबदबा तयार केला. मुलं त्याच बोर्डावर वाढली. मुलगा रघुवीर नामांकित सोंगाडा झाला.

शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला. ज्यांच्या नावाचा पुरस्कार, त्या तमाशा कलावंत विठाबाई २००२ साली हलाखीत गेल्या होत्या. सन्मान उशिरा देण्याची आपली ही सवय मला बोचते.

२०२० साली ऐन चैत्रात करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. फड घरी बसले, उचलीचे पैसे अंगावर आले. त्याच साथीच्या दुसऱ्या लाटेत, २५ मे २०२१ रोजी, संगमनेरात करोनानं कांताबाई गेल्या. फड मुलानं पुढे चालवला, आईचं नाव आपल्या नावाला जोडून.