इज्तेमाचा बिस्तर

भोपाळजवळ ईंटखेडीला नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास आलमी तब्लीगी इज्तेमा भरतो. पूर्वी तो शहरातल्या ताजुल मसाजिदमध्ये भरत असे. आता मोकळ्या रानात मंडपाखाली झोपावे लागते. आपल्या भागातूनही जमाती जातात, म्हणून हे लिहितो.

आम्ही कापडाचे व्यापारी, तरी पहिल्या खेपेस फसलो. सर्वांना कापसाच्या जाड रजया घ्यायला लावल्या. रात्री दव पडले, जमिनीची ओल वर आली, आणि पहाटे रजया खालून भिजलेल्या. वाळवायला जागा कुठे? आमच्या भरवशावर आलेल्या एका बुजुर्ग साथीला थंडी बाधली. त्यांनी शब्द काढला नाही, पण आम्हाला आजही शरम वाटते.

तेव्हापासून आधी प्लास्टिकची ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, मग सोलापुरी चादर. अंगावर पानिपतचे कांबळे. ते जुने लोकरी कपडे पिंजून काढलेल्या सुताचे असते. दिसायला साधे, पण थोडी ओल लागली तरी ऊब टिकते. पॉलिएस्टरचे ब्लँकेट हलके आणि लवकर वाळणारे, मात्र चुलीजवळ नेऊ नका. पेटले तर वितळून कातडीला चिकटते.

दुकानदार भावांनी गिऱ्हाइकाला आधी विचारावे, झोपणार कुठे? घरातल्या खाटेवर रजईसारखे सुख नाही. आणि ॲक्रिलिकला लोकर म्हणून विकू नये.

बिस्तर एका खांद्यावर पेलेल एवढाच बांधावा. ताडपत्री मात्र माणशी वेगळी. दोघांत एक घेतली की रात्रभर ओढाओढ होते.